छोटा विंडो मॅनेजर लिहितोय : आत काय ठेवू, बाहेर काय सोडू?

मोकळी_चौकट

सहा वर्षं डीडब्ल्यूएम हा छोटा विंडो मॅनेजर (पडद्यावर विंडो मांडणारा प्रोग्रॅम) वापरला आणि गेले पाच महिने स्वतःचा विंडो मॅनेजर लिहितोय. एक्स११ वर (लिनक्सवर पडदा आणि कीबोर्ड-माउस सांभाळणारी जुनी व्यवस्था, थोडक्यात एक्स), सी मध्ये. साधारण अकराशे ओळी झाल्यात आणि रोजचं सगळं काम आता त्यावरच चालतं. कोड लिहायला लागतो त्याहून जास्त वेळ आता ठरवायला लागतोय, म्हणून हा धागा.

जे ठरलंय ते असं. टायटल बार नाही. एक पिक्सेलची बॉर्डर, फोकस असलेल्या, म्हणजे टायपिंग जिच्यात जातं त्या विंडोला वेगळा रंग. मांडणी दोनच : डावीकडे मुख्य विंडो आणि उजवीकडे बाकीच्यांची उतरंड, किंवा एकच विंडो पडदाभर. विंडोभोवती मी माझी चौकट घालत नाही, ती थेट रूट विंडोचीच, म्हणजे सगळ्यांमागच्या पडदाभर विंडोचीच राहते.

अडलंय ते टॅग की वर्कस्पेस, कॉन्फिग कुठे ठेवायचं, फोकस माउसमागे न्यायचा का, आणि बार (टॅग वगैरे दाखवणारी पट्टी) आत हवा की बाहेर.

एक अनुभव आधी सांगतो, कारण 'मिनिमल' या शब्दाचा अर्थ माझ्यापुरता त्याने बदलला. लॅपटॉपला एकदा नंबर पॅडवाला बाहेरचा कीबोर्ड जोडला आणि माझे सगळे शॉर्टकट गेले. टर्मिनल उघडेना, विंडो बंद होईना. टायपिंग मात्र व्यवस्थित चाललेलं. अर्धा दिवस मी कीकोडच्या (किल्ल्यांच्या क्रमांकांच्या) तक्त्यात डोकं घालून बसलो. कारण निघालं नम लॉक. एक्सच्या लेखी नम लॉक आणि कॅप्स लॉक हेसुद्धा शिफ्ट-कंट्रोलसारखेच मॉडिफायर आहेत. मी 'ऑल्ट आणि जे' पकडून ठेवलं होतं, म्हणजे ही जोडी माझ्याकडेच पाठव असं एक्सला सांगितलं होतं, पण नम लॉक चालू असताना येतं ते 'नम लॉक, ऑल्ट आणि जे', आणि ते कुणी पकडलेलंच नव्हतं. त्यामुळे प्रत्येक शॉर्टकट चार वेळा पकडावा लागतो : नुसता, कॅप्ससकट, नमसकट आणि दोन्हींसकट. डीडब्ल्यूएमच्या कोडमधला तो चार घरांचा अ‍ॅरे मी कितीदा तरी वाचला होता आणि गरज नाही असं समजून माझ्या कोडमधून गाळला होता.

तेव्हापासून ओळी मोजणं बंद केलं. आता प्रत्येक गोष्टीला एकच प्रश्न विचारतो : हे मी गाळलं तर त्याचा भार कुणाच्या डोक्यावर जातो? वापरणाऱ्याच्या, एखाद्या स्क्रिप्टच्या, की बिचाऱ्या अ‍ॅप्लिकेशनच्या? वरच्या चारही प्रश्नांकडे याच नजरेने बघतोय. तुमचे अनुभव लिहा.

दहा_बोटं

टॅग घ्या. मी आठ वर्षं टॅगवर आहे आणि परत वर्कस्पेसवर जाणार नाही.

लोक टॅगला वर्कस्पेसचं दुसरं नाव समजतात आणि तिथेच फसतात. वर्कस्पेस म्हणजे खोली, विंडो एका वेळी एकाच खोलीत. टॅग म्हणजे विंडोला चिकटवलेली खूण, आणि एका विंडोला कितीही खुणा लावता येतात. कोडमध्ये हे किती सुटसुटीत बसतं बघा : प्रत्येक विंडोकडे एक पूर्णांक, मॉनिटरकडे एक पूर्णांक, दोन्हींचा बिटवाइज अँड शून्य नसेल, म्हणजे एक तरी खूण दोन्हींत असेल, तर विंडो दाखवायची. झालं. 'आता दोन आणि चार एकत्र दाखव' यासाठी नवीन काही लिहावं लागत नाही, मॉनिटरच्या पूर्णांकात एक बिट वाढतो.

माझ्या रोजच्या कामातलं उदाहरण देतो. दोनवर एडिटर, चारवर चाचण्यांचं टर्मिनल. डॉक्युमेंटेशनच्या विंडोला दोन आणि चार दोन्ही टॅग. या दोन्हींपैकी कुठेही गेलो तरी ती सोबत येते, आणि तीनवर मेल बघायला गेलो की आपोआप बाजूला होते. वर्कस्पेसमध्ये हे करायचं तर 'चिकट विंडो' नावाची वेगळी सोय लिहावी लागते, आणि तीसुद्धा सगळीकडे चिकटते.

एक किंमत आहे. दोन टॅग एकत्र दाखवले तर मुख्य विंडोची रुंदी कोणत्या टॅगची धरायची? डीडब्ल्यूएमने हा प्रश्नच टाळलाय, ते प्रमाण टॅगचं नसून मॉनिटरचं ठेवलंय. म्हणूनच प्रत्येक टॅगला वेगळी मांडणी देणारा पॅच इतके लोक लावतात. तुमच्या दोनच मांडण्या असतील तर मॉनिटरपाशीच ठेवा.

पडदानशीन

मी टॅगच्या विरोधात नाही, पण निवड टॅग की वर्कस्पेस अशी नसतेच. ती त्याच्याही आधी होऊन गेलेली असते : विंडो यादीत ठेवता की झाडात?

आय-थ्री या दुसऱ्या विंडो मॅनेजरमध्ये विंडो झाडात असतात. हा कप्पा आडवा फोड, त्यातला उभा फोड, असं मी हाताने ठरवतो. झाडात एका विंडोला एकच जागा असते, त्यामुळे ती एकाच वेळी दोन झाडांत असू शकत नाही, म्हणून वर्कस्पेस. डीडब्ल्यूएममध्ये सपाट यादी आहे आणि मांडणी दरवेळी त्या यादीतून नव्याने काढली जाते, म्हणून टॅग सहज बसतात. मोकळी_चौकट, मुख्य विंडो आणि उतरंड घेतलीत म्हणजे तुम्ही यादी घेतलीत. टॅग तुम्हाला जवळपास फुकट मिळतात.

यादी आणि फोकस यांचं नातं कसं ठेवावं हे बघायचं असेल तर एक्समोनॅड या विंडो मॅनेजरचा गाभा वाचा. २००७ चा, हॅस्केल भाषेतला. त्यात फोकस वेगळ्या पॉइंटरमध्ये ठेवलेला नाही. यादीच तीन तुकड्यांत आहे : फोकसच्या आधीच्या, फोकस असलेली आणि नंतरच्या. त्यामुळे नसलेल्या विंडोवर फोकस अशी अवस्था लिहिताच येत नाही. शिवाय 'एकदा वर आणि एकदा खाली गेलं की फोकस जिथल्या तिथे' असे नियम लिहून ते यादृच्छिक मांडण्यांवर आपोआप तपासले जातात. सी मध्ये ती रचना जशीच्या तशी येणार नाही, पण तपासायचे नियम घेता येतील.

मोकळी_चौकट

@पडदानशीन, यादी आणि झाड हा धागा माझ्या लक्षातच आला नव्हता. मी टॅग आणि वर्कस्पेस यांना समोरासमोर ठेवून गुण मोजत बसलो होतो. धन्यवाद.

टॅगबद्दल अजून एक शंका. एखाद्या विंडोचे सगळेच टॅग काढले गेले तर ती कुठेच दिसणार नाही. ती परत कशी शोधायची?

दहा_बोटं

शून्य होऊच द्यायचं नाही. टॅग बदलण्याच्या फंक्शनमध्ये नवा पूर्णांक शून्य येत असेल तर काहीच न करता परत फिरायचं. डीडब्ल्यूएम हेच करतो. आणि 'सगळे टॅग दाखव' असा एक शॉर्टकट ठेवा, तिथे शून्याची किल्ली आहे. हरवलेलं सगळं तिथे सापडतं.

जुनं_सत्र

लपवायचं कसं हेही ठरवा. दुसऱ्या टॅगवर गेल्यावर जुन्या विंडोंचं काय करता, अनमॅप करता (एक्सला ती पडद्यावरून काढायला सांगता) की पडद्याबाहेर सरकवता?

अनमॅप करणं स्वच्छ वाटतं, पण मग अनमॅप झाल्याची सूचना आली की ती आपणच लपवली म्हणून आली की प्रोग्रॅमने स्वतःची विंडो मिटली म्हणून, हे ओळखावं लागतं. त्यासाठी आपण केलेल्या अनमॅपची मोजणी ठेवावी लागते, आणि ती एकाने चुकली तर एकतर भुताची विंडो यादीत राहते नाहीतर जिवंत विंडो यादीतून जाते. मी एका जुन्या प्रकल्पात या मोजणीपायी दोन आठवडे घालवलेत. डीडब्ल्यूएम विंडोला तिच्या रुंदीच्या दुप्पट डावीकडे, पडद्याबाहेर नेऊन ठेवतो. मोजणीची गरजच संपते. भार मात्र अ‍ॅप्लिकेशनवर जातो : आपण दिसत नाही हे त्याला कळत नाही, ते चित्र काढतच राहतं.

तुमच्याच प्रश्नात घालून बघा. माझं मत, सरकवा.

माउस_मागे

फोकसबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून मी लिहितो. माउस जिथे तिथे फोकस, हे करायला एक ओळ लागते आणि निस्तरायला महिना.

तुम्ही कीबोर्डवरून फोकस खालच्या विंडोवर नेला. मांडणी बदलली, विंडो सरकल्या. माउस तसूभरही हलला नाही, पण त्याच्याखाली आता वेगळीच विंडो आली. एक्स सर्व्हर इमानदारीने 'पॉइंटर या विंडोत शिरला' अशी सूचना पाठवतो. तुमचा मॅनेजर ती वाचतो आणि फोकस तिकडे नेतो. वापरणाऱ्याच्या नजरेतून बघा : त्याने एक किल्ली दाबली, फोकस क्षणभर हवा तिथे गेला आणि उडून भलतीकडे बसला. आणि तो पुढचं वाक्य टाइप करायला लागलेला असतो. ते चुकीच्या विंडोत जातं. मी एकदा पासवर्ड असा गप्पांच्या विंडोत टाइप केलाय. तेव्हापासून या विषयाकडे मी बारीकसारीक म्हणून बघत नाही.

डीडब्ल्यूएमचा उपाय रोखठोक आहे. विंडोंचा वर-खाली क्रम नव्याने लावून झाला की सर्व्हरशी सिंक करायचं आणि रांगेत साचलेल्या सगळ्या 'शिरला' सूचना न वाचता टाकून द्यायच्या. दोन ओळी. त्या कशासाठी आहेत हे न कळता कुणी काढल्या तर वर लिहिलंय ते सगळं होतं. तुमच्या कोडमध्ये त्यांच्यावर कॉमेंट लिहा.

माझ्या मते नवीन लिहिणाऱ्याने क्लिकवर फोकस ठेवावा. नाव माझं काहीही असो.

पडदानशीन

+१. आणि क्लिकवर फोकस ठेवलात तर तो क्लिक अ‍ॅप्लिकेशनपर्यंत पोहोचतोय ना हे बघा. बटण पकडून ठेवल्यावर घटना परत सोडायला विसरलं की पहिला क्लिक गिळला जातो आणि प्रत्येक बटण दोनदा दाबावं लागतं.

काना_मात्रा

बारबद्दल. आत ठेवणार असाल तर अक्षरं कशाने काढणार हे आधी ठरवा, कारण आपल्यासाठी तो मोठा प्रश्न आहे.

डीडब्ल्यूएमचा बार एक्सएफटी या लायब्ररीने अक्षरं काढतो. एक्सएफटी प्रत्येक कोडपॉइंटचं (युनिकोडमधल्या एकेका चिन्हाचं) चित्र शोधतं आणि एकापुढे एक ठेवतं. जोडाक्षर करणं, वेलांटी मागे नेणं हे काम त्याचं नाही. माझ्याकडे 'स्थिती' नावाची फाइल उघडली की बारमध्ये स पाय मोडलेला सुटा दिसतो, थ ची ऱ्हस्व वेलांटी थ च्या पुढे जाऊन पडते आणि त ला लागल्यासारखी दिसते. इंग्रजी नावांत हे कधीच जाणवत नाही, म्हणून मूळ लिहिणाऱ्यांना जाणवलंही नसेल. आय-थ्रीमध्ये फाँटच्या नावाआधी पँगो लिहिलं की हेच नाव नीट दिसतं, कारण पँगो ही लायब्ररी आतून हार्फबझ या दुसऱ्या लायब्ररीकडून अक्षरजुळणी करून घेते.

म्हणजे बार आत घेतलात तर एकतर पँगोसारखी मोठी लायब्ररी गळ्यात घ्यायची, नाहीतर मराठी मोडकं दाखवायचं. बार बाहेर ठेवलात तर ज्याला जो हवा तो त्याने लावावा. मला हे बाहेर ठेवण्याचं सगळ्यात भक्कम कारण वाटतं.

शॉर्टकटचंही बघून घ्या. मी दिवसभर इंग्रजी आणि मराठी इन्स्क्रिप्ट यांच्यात ये-जा करते. डीडब्ल्यूएम किल्लीचा अर्थ कीबोर्डच्या पहिल्या गटातून, म्हणजे पहिल्या लेआउटमधून काढतो, त्यामुळे पहिला लेआउट इंग्रजी असेल तर मराठी चालू असतानाही शॉर्टकट चालतात. सध्याच्या गटातून अर्थ काढलात तर मराठी लिहिताना 'जे' नावाची किल्लीच उरत नाही. स्वे या आणखी एका मॅनेजरमध्ये यासाठी किल्लीचं नाव कीकोडमध्ये बदलून बांधायची सोय आहे. कृपया हे 'नंतर बघू' मध्ये टाकू नका, आम्हाला ते पहिल्या मिनिटाला लागतं.

मोकळी_चौकट

@काना_मात्रा, आत्ताच तपासलं. माझा कोड सध्याच्या गटातूनच अर्थ काढत होता. मी इंग्रजीतच चाचण्या करत होतो. दुरुस्त करतो. आणि बार बाहेर, हे ठरलं. बाहेरच्या बारला टॅगची माहिती मी ठरलेल्या ईडब्ल्यूएमएच प्रॉपर्टींमधून देईन (ईडब्ल्यूएमएच म्हणजे मॅनेजर आणि बाकी प्रोग्रॅम यांच्यातले ठरलेले संकेत, प्रॉपर्टी म्हणजे विंडोवर लिहून ठेवलेली माहिती). त्यात फक्त डेस्कटॉपची कल्पना आहे, टॅगची नाही, तेव्हा दोन टॅग एकत्र असताना काय सांगायचं हे अजून उमगलेलं नाही.

दहा_बोटं

सगळ्यात खालचा बिट सांगा आणि पुढे चला. पूर्ण माहिती हवी असेल त्याच्यासाठी रूट विंडोवर स्वतःची एक प्रॉपर्टी ठेवा.

सोर्सच_कॉन्फिग

कॉन्फिग कोडच्याच हेडर फाइलमध्ये ठेवा. वेगळी कॉन्फिग फाइल वाचणारा पार्सर लिहायचा म्हणजे चुकीच्या ओळीचं काय करायचं, कोणत्या ओळीवर चूक सांगायची, जुनी फाइल नव्या आवृत्तीत कशी चालवायची, हे सगळं आलं. ते सगळं कंपायलर आधीच करतो, आणि टाइपची चूक प्रोग्रॅम सुरू व्हायच्या आधी पकडतो. या मॅनेजरचा कंपाइल वेळ दोन सेकंदांहून जास्त नसतो.

जुनं_सत्र

दोन सेकंदांचा प्रश्न नाही. कंपाइल झाल्यावर नवा बायनरी चालू करताना काय होतं तो प्रश्न आहे. मूळ डीडब्ल्यूएम बंद करून पुन्हा सुरू केला की टॅग विसरतो, पंधरा विंडो एका टॅगवर येऊन पडतात. आय-थ्री जागच्या जागी रीस्टार्ट होतो आणि मांडणी टिकते. सोर्समध्ये कॉन्फिग ठेवायचं असेल तर टॅग विंडोच्याच एका प्रॉपर्टीवर लिहून ठेवा. विंडो एक्स सर्व्हरची असते, मॅनेजर मेला तरी ती प्रॉपर्टी राहते. नवा मॅनेजर सुरू होताना रूटच्या मुलांची यादी मागतोच, तेव्हाच ती वाचून घ्यायची.

शिवाय तिसरा मार्ग आहे. बीएसपीडब्ल्यूएम या मॅनेजरने किल्ल्यासुद्धा बाहेर ठेवल्यात. तो फक्त एक्सच्या घटना आणि एका सॉकेटवर (प्रोग्रॅममधल्या संदेशांच्या वाटेवर) आलेले संदेश ऐकतो. किल्ल्या दुसरा प्रोग्रॅम ऐकतो आणि सॉकेटवर हुकूम पाठवतो. त्याचं कॉन्फिग म्हणजे तेच हुकूम ओळीने लिहिलेली शेल स्क्रिप्ट. पार्सरही नाही, कंपाइलही नाही.

सोर्सच_कॉन्फिग

प्रॉपर्टीवर टॅग ठेवण्याची कल्पना पटली, ती माझ्याकडे आज नाही. सॉकेटचं पटत नाही. तिथे हुकमांची भाषा तयार होते, आणि एकदा लोकांनी त्यावर स्क्रिप्ट लिहिल्या की ती बदलता येत नाही. पार्सर गेला असं म्हणता, तो फक्त सॉकेटच्या तोंडाशी जाऊन बसलाय.

नवा_पडदा

एवढं सगळं वाचून विचारावंसं वाटतं, हे वेलँडवर, म्हणजे एक्सच्या जागी आलेल्या नव्या व्यवस्थेवर का नाही? वेलँडची सुरुवात २००८ ची, आता बहुतेक मोठे डेस्कटॉप तिकडे गेलेत.

पण एक सांगतो, मिनिमल या शब्दाची तिथे कसोटी लागते. टायनीडब्ल्यूएम हा एक्सवरचा मॅनेजर सी मध्ये पन्नासेक ओळींचा आहे. ऑल्ट दाबून विंडो ओढता येते, आकार बदलता येतो, वर आणता येते. वेलँडवर तेवढंच करायला डब्ल्यूएलरूट्स या लायब्ररीसोबत येणारा टायनीडब्ल्यूएल हजाराच्या घरात जातो, आणि त्याच्याखालची डब्ल्यूएलरूट्स स्वतःची ओळखच 'तुम्हाला नाहीतरी लिहाव्याच लागल्या असत्या अशा ६०,००० ओळी' अशी करून देते. कारण तिथे विंडो मॅनेजर हा वेगळा प्रोग्रॅम नाही, कंपोझिटर (सगळ्या विंडो जुळवून पडद्यावरचं चित्र बनवणारा), डिस्प्ले सर्व्हर आणि मॅनेजर एकच. पन्नास ओळींच्या मागे एक्स सर्व्हर उभा होता, तो आपण मोजत नव्हतो इतकंच.

दुसरा फरक कोसळण्याचा. एक्सवर मॅनेजर पडला तर विंडो जागच्या जागी राहतात, नवा सुरू केला की काम पुढे. वेलँडवर कंपोझिटर पडला की बहुतेक प्रोग्रॅम त्याच्यासोबत जातात. म्हणून तिथे गाभा छोटा आणि अचूक असण्याला जास्त किंमत आहे. रिव्हर या वेलँड कंपोझिटरने मांडणीचं गणित वेगळ्या प्रोसेसमध्ये काढण्याची वाट दाखवली ती मला याच कारणासाठी आवडते. मांडणी करणारा पडला तरी सत्र जगतं.

जुनं_सत्र

या मुद्द्यावर पूर्ण सहमत. १९८४ मध्ये एमआयटीत एक्स सुरू झाला तेव्हापासून 'साधन द्यायचं, धोरण नाही' हे त्याचं सूत्र आहे. धोरण ठरवायला वेगळा प्रोग्रॅम, आणि सर्व्हर तो हक्क एका वेळी एकालाच देतो. दुसऱ्याने मागितला तर नकार. म्हणूनच 'आधीच एक विंडो मॅनेजर चालू आहे' हा संदेश सगळ्यांनी कधी ना कधी पाहिलाय. त्या एका नियमामुळे आपण इथे बसून हौसेने हे लिहू शकतोय.

काना_मात्रा

मोकळी_चौकट, डायलॉगचं काय केलंत? ते कुणी विचारलं नाही.

मोकळी_चौकट

केलंय, पण ठेचा खाऊन. पहिल्या आठवड्यात 'सेव्ह करायचं का?' एवढी दोन बटणांची विंडो अर्धा पडदा व्यापून उतरंडीत बसायची आणि मूळ एडिटर चेपला जायचा. आता तीन खुणा बघतो : विंडो दुसऱ्या विंडोची पाहुणी आहे असं प्रोग्रॅमने सांगितलंय का, तिचा प्रकार डायलॉग आहे का, आणि तिचा किमान आणि कमाल आकार सारखाच आहे का. यातलं एक जरी खरं असलं तरी ती तरंगती, मालक विंडोच्या मध्यावर.

टर्मिनलच्या आकाराचा हट्ट मात्र मी पाळत नाही. टर्मिनल म्हणतं, मला अक्षराच्या पटीतच वाढव. ते ऐकलं तर खाली आणि उजवीकडे काही पिक्सेलची फट राहते. न ऐकलं तर ती फट टर्मिनलच्या आत जाते. डीडब्ल्यूएम मुळात ऐकतो, न ऐकायची सोय कॉन्फिगमध्ये आहे. मी आत ढकलली. हा भार अ‍ॅप्लिकेशनवर टाकला, कबूल, पण तिथे तो कुणालाच लागत नाही.

तर आत्तापर्यंत असं झालंय : टॅग, शून्य न होणारे, आणि विंडोच्या प्रॉपर्टीवर लिहून ठेवलेले. लपवताना पडद्याबाहेर. क्लिकवर फोकस. बार बाहेर. कॉन्फिग हेडरमध्ये, सॉकेट सध्या नाही. वेलँडवर मी एवढ्यात जाणार नाही, मला पडल्यावर उठता येणारी जागा अजून हवी आहे.

@जुनं_सत्र, प्रॉपर्टीवरून टॅग वाचताना एक अडचण दिसतेय. सुरुवातीला विंडोंची यादी घेताना डायलॉग त्याच्या मालकाच्या आधी आला तर मालकाचा टॅग अजून ठरलेला नसतो.

जुनं_सत्र

यादी दोनदा फिरा. पहिल्या फेरीत पाहुण्या विंडो वगळून बाकीच्या घ्या, दुसऱ्या फेरीत फक्त पाहुण्या. आणि फिरताना एखादी विंडो मध्येच मेली तर 'अशी विंडो नाही' ही चूक येणार. तिच्यावर प्रोग्रॅम बंद करू नका. ती होणारच, तुम्ही विचारेपर्यंत विंडो गेलेली असू शकते, आणि नुसतं आधी तपासून घेतलं तरी मधल्या वेळात ती जाऊ शकते.

मोकळी_चौकट

ती चूक मी आत्तापर्यंत प्रोग्रॅम थांबवून छापत होतो. आज रात्री दोन्ही बदल करतो. नम लॉक चालू ठेवून आणि कीबोर्ड मराठीवर ठेवून तपासतो, मग इथे लिहितो.